सौर उष्णतेचा जमाखर्च

एखाद्या शासकीय वसतिगृहाच्या गच्चीवर दररोज दोन हजार लिटर पाणी तापविणारे सौर संयंत्र बसविलेले आहे, अशी कल्पना करावी. या सभेस उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी असे संयंत्र कोठे ना कोठे पाहिलेले असेलच. ते बसविले गेले त्या दिवशी समारंभ झाला, भिंतीवर फलक लागला आणि जडसंग्रह नोंदवहीत किंमतीसह त्याची नोंद झाली. पुढे चार हिवाळे गेले. विंधन विहिरीचे पाणी जड असल्यामुळे संग्राहकाच्या तांब्याच्या नळ्यांत क्षारांचा थर साचत गेला आणि अखेर पाण्याची वाट जवळजवळ बंद झाली. तरीही पहाटे पाच वाजता विद्यार्थ्यांना नळाला गरम पाणी मिळतच राहिले. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रारीला जागाच नव्हती. टाकीत ढगाळ दिवसांसाठी म्हणून बसविलेली विजेची कांडी आता वर्षाचे बाराही महिने काम करीत होती. वीजबिल वाढले खरे. पण त्या बिलात पंखे होते, दिवे होते, पाण्याचा पंप होता. वाढ कशाची, हे बिलावरून कळण्यास मार्ग नव्हता.

हे उदाहरण कल्पित असले तरी यातील बिघाडाची रीत कल्पित नाही. सौर उष्णतेवर चालणाऱ्या साधनांचा हा जन्मजात स्वभाव आहे. हातपंप नादुरुस्त झाला की गावाला त्याच दिवशी कळते. रस्त्यावरचा दिवा विझला की अंधार पडतो. सौर पाणी तापक किंवा सौर वाफसंयंत्र यांची गोष्ट निराळी आहे. सूर्य रोज सारखा तापत नाही, म्हणून अशा प्रत्येक संयंत्राच्या जोडीला विजेची, गॅसची किंवा तेलावर चालणाऱ्या बॉयलरची पर्यायी सोय ठेवावीच लागते. ती सोय मुख्य साधनाच्या उणिवा निमूटपणे भरून काढते आणि त्यामुळेच त्या झाकूनही टाकते. नळाला गरम पाणी येते, एवढ्यावरून ते सूर्याने तापविले असे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करावयाचे तर उष्णता मोजली पाहिजे, ती रोज मोजली पाहिजे, आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याच्यापर्यंत ते माप आपोआप पोचले पाहिजे. सौर औष्णिक संयंत्रांच्या स्वयंचलित दूरनोंदणीचा विषय एवढाच आहे.

नुकसान किती होते, याचा हिशेब करण्यास मोठे गणित लागत नाही. पाण्याचे लिटर आणि तापमानात झालेली वाढ यांचा गुणाकार करून त्यास ८६० ने भागले की उष्णता विजेच्या युनिटमध्ये मिळते. कारण एक युनिट म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी. दोन हजार लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास ९३ युनिट लागतात. विजेचा दर युनिटला आठ रुपये धरला तर रोजचे सुमारे ७४४ रुपये आणि महिन्याचे बावीस हजारांहून अधिक रुपये होतात. सूर्य फुकट करीत असलेले काम वीज करू लागली की वसतिगृहाच्या अनुदानातून जाणारी रक्कम ही अशी असते. ती कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही, कारण बिल खरे असते आणि ते भरलेलेही असते.

उष्णता मोजण्यास तीन गोष्टी पुरतात. संग्राहकाकडे जाणाऱ्या नळावर एक तापमापक, तेथून परत येणाऱ्या नळावर दुसरा, आणि त्यांच्यापैकी एका नळावर प्रवाहमापक. यासाठी प्लॅटिनमचा तापमापक वापरण्याचा प्रघात आहे. शून्य अंशास त्याचा विद्युत् रोध १०० ओहम असतो आणि दर अंशास तो सुमारे ०.३९ ओहमने वाढतो. हा रोध मोजणारे छोटे नोंदयंत्र भिंतीवरच्या पेटीत राहते; ते मिनिटामिनिटाला तिन्ही मापकांचे आकडे वाचून गुणाकार करते आणि दिवसाची बेरीज ठेवते.

मापकांची जागा मात्र नीट निवडली नाही, तर अनर्थ होतो. संग्राहकातून वेगाने फिरणाऱ्या पाण्यात जाताना व येतानाच्या तापमानांतील फरक कित्येकदा पाचच अंशांचा असतो. त्यात एका अंशाची चूक झाली, तर उष्णतेच्या हिशेबात २० टक्क्यांची चूक होते. नळाच्या बाहेरून चिकटपट्टीने बांधलेला आणि उन्हात उघडा पडलेला तापमापक पाण्याचे नव्हे तर उन्हाचे तापमान सांगतो. दोन्ही तापमापक एकाच वेळी, एकाच पाण्यात बुडवून त्यांचे आकडे जुळतात की नाहीत हे बसविण्यापूर्वी पाहण्यास अर्धा तास लागतो, आणि हा अर्धा तास वाचविण्याकडे बसविणाऱ्यांचा कल असतो.

एवढे झाले तरी अर्धेच काम होते. आज ६० युनिट उष्णता मिळाली हा आकडा चांगला की वाईट, हे आज ऊन किती पडले ते कळल्याशिवाय ठरत नाही. या बाबतीत महाराष्ट्राला एक मोलाचा वारसा आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात भारतीय हवामान खात्याने सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली. त्या कामाची धुरा पुण्यात अॅना मणी यांनी वाहिली. परदेशी उपकरणांची वाट न पाहता प्रारणमापक पुण्यातच तयार व्हावेत आणि तेथेच त्यांची पारख व्हावी, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. देशभरच्या सौर प्रारणाचे त्यांनी सिद्ध केलेले संदर्भग्रंथ १९८० आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. सौर संयंत्रांची आखणी करणाऱ्यांना ते आकडे दीर्घकाळ आधारभूत ठरले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाच्या चेन्नई येथील पवनऊर्जा संस्थेने पहिल्या टप्प्यात ५१ स्वयंचलित प्रारणमापन केंद्रे उभी केली. या केंद्रांजवळ आकडे टिपून घेण्यासाठी माणूस बसविण्याची गरज राहिली नाही. नोंद आपोआप चेन्नईस जाऊ लागली. जे सूर्याच्या मोजणीसाठी जमले ते सूर्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी जमू नये, असे काही नाही.

दिवसाचे ऊन आणि दिवसाची उष्णता हे दोन आकडे हाती आले की ते आलेखकागदावर मांडावेत. आडव्या रेषेवर ऊन, उभ्या रेषेवर उष्णता आणि एका दिवसाचा एक ठिपका. संयंत्र सुस्थितीत असेल, तर महिन्याभरात ठिपके एका तिरप्या पट्ट्यात ओळीने बसतात. चांगल्या उन्हाच्या दिवसाचा ठिपका वर, ढगाळ दिवसाचा खाली. पण दोन्ही पट्ट्यातच. ठिपका पट्ट्याच्या खाली घसरला की समजावे, ऊन पडले होते परंतु उष्णता आली नाही. संगणक हेच काम क्षणात करतो आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की संदेश पाठवितो. मात्र संगणक नेमके काय करतो हे समजण्यासाठी इयत्ता आठवीचा आलेखकागद पुरेसा आहे.

ठिपके कसे घसरतात, यावरून बिघाडाचा स्वभावही ओळखता येतो. क्षार साचत असतील, तर ठिपके महिनोन्महिने हळूहळू खाली येतात. एका दिवसाच्या आकड्यावरून ते ध्यानात येत नाही. दोन हिवाळे शेजारी ठेवले की दिसते. झडप चुकून बंद राहिली, नळ्यांत हवा अडकली किंवा पंप जळाला, तर ठिपका एका दिवसात तळाला जातो. धुळीमुळे होणारी घट थोडी असते आणि पहिल्या पावसानंतर आपोआप भरून निघते. सर्वांत फसवा प्रकार रात्रीचा आहे. मोठ्या संयंत्रात संग्राहक टाकीपेक्षा काही अंश अधिक तापला की पंप सुरू व्हावा आणि सायंकाळी तो थांबावा, अशी स्वयंचलित योजना असते. तिचा तापमापक बिघडला, तर पंप रात्रभर चालतो. दिवसा मिळविलेले गरम पाणी रात्री गच्चीवर फिरून आकाशाला उष्णता देऊन येते. पहाटे वसतिगृहात उठलेल्या कोणालाही हे दिसणार नाही, कारण पंपाचा आवाज रोजचाच झालेला असतो. नोंदयंत्रात मात्र ते लगेच दिसते. रात्री दोन वाजता संग्राहक बाहेरच्या हवेहून पुष्कळ उष्ण असेल, तर त्याला उष्णता टाकीतूनच मिळत असली पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. प्रत्येक घसरलेला ठिपका बिघाडाचा नसतो. मे महिन्यात वसतिगृह रिकामे असते, टाकी भरून तापलेली असते, गरम पाणी वापरणारे कोणी नसते. मग संग्राहकाने उष्णता द्यावी तरी कोणाला? सुटीचे दिवस नोंदयंत्रास कळविले नाहीत, तर ते उन्हाळाभर खोटी हाकाटी करीत राहते आणि जूनमध्ये खरा बिघाड झाला तेव्हा त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. उलट चूकही घडते. प्रारणमापकाच्या काचेवर धूळ बसली किंवा पक्ष्याने घाण केली, तर तो ऊन कमी दाखवितो आणि आजारी संयंत्रही निरोगी ठरते. माप घेणाऱ्याचीच मोजपट्टी आखूड झाली, तर हिशेब जुळल्याचे समाधान तेवढे मिळते.

पाणी तापविण्यापलीकडे वाफ निर्माण करणारी मोठी संयंत्रेही महाराष्ट्रात उभी राहिली. शिर्डी येथे श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये ७३ तबकड्यांचे सौर वाफसंयंत्र बसविण्यात आले. प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची, म्हणजे एकूण आरसा ११६८ चौरस मीटरचा. वुल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या पद्धतीची ही तबकडी पृथ्वीच्या आसाला समांतर अशा आसाभोवती ताशी १५ अंश फिरते, त्यामुळे सूर्य सरकला तरी किरण एकाच जागी एकवटतात. लातूर येथे महानंद दुग्धशाळेत दूध निर्जंतुक करण्यासाठी ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची एकच भव्य तबकडी या शतकाच्या पहिल्या दशकात उभारण्यात आली. आय. आय. टी., मुंबई येथील प्रा. शिरीष केदारे यांच्या संशोधनाचे ते फळ होते आणि तेथे सूर्याने भट्टीतेलाची जागा घ्यावयाची होती.

अशा संयंत्रांत मोजणी अधिक कठीण आणि अधिक निकडीची असते. सौर वाफ बहुधा बॉयलरच्या वाफेला जाऊन मिळते आणि दोन्ही एकाच नळाने पाकगृहात पोचतात. भात शिजतो, वरण शिजते. कोणत्या वाफेने शिजले हे भाताला विचारता येत नाही. आकाशातील सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. तबकड्यांची एक रांग फिरावयाची थांबली, तर थोड्याच वेळात तिचे किरण ग्राहकावरून घसरतात, बॉयलर आपला भार वाढवितो आणि बारा वाजताची पंगत वेळेवर बसते. म्हणून सौर बाजूची वाफ स्वतंत्रपणे मोजणे अटळ ठरते. वाफमापक महाग असतो. त्याला एक साधा पर्याय आहे. सौर बाजूला किती लिटर पाणी पुरविले ते मोजावे. ३० अंशांचे एक किलो पाणी साधारण दाबाखाली वाफ होऊन जाताना सुमारे ६१० किलोकॅलरी घेऊन जाते. कोठे गळती नसेल आणि वाफेबरोबर पाणी उडत नसेल, तर हा हिशेब रोजच्या देखरेखीस पुरतो.

तबकड्यांच्या बाबतीत ऊन मोजतानाही भेद करावा लागतो. सपाट संग्राहक ढगांतून विखुरलेला प्रकाशही घेतो. तबकडी मात्र सूर्याकडून सरळ येणारे किरणच एकवटू शकते. श्रावणातल्या पांढुरक्या आकाशाखाली साधा प्रारणमापक बऱ्यापैकी ऊन दाखवील, पण तबकडीवर वाफेचा थेंबही निघणार नाही. तेथे थेट किरण मोजणारे उपकरण नसेल, तर निरपराध यंत्रावर आणि ते सांभाळणाऱ्या कामगारावर ठपका येतो.

आकडे दूर पाठविण्याचे काम त्या मानाने सोपे झाले आहे. दिवसभराच्या नोंदी एखाद्या छायाचित्राहूनही कमी जागा घेतात. मोबाइलच्या जाळ्यातून, किंवा पंचायतीपर्यंत पोचलेल्या फायबरच्या तारेतून, त्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ शकतात. जाळे तुटले तर नोंदी यंत्रातच साठून राहाव्यात आणि ते पुन्हा जुळताच तारीखवेळेसह पुढे जाव्यात, एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे. भारनियमनाच्या भागात पेटीला स्वतःची बॅटरी हवी. खरी अडचण विद्युत्शास्त्राची नसून लेखाशीर्षाची आहे. यंत्रासाठी भांडवली खर्च मंजूर होतो. त्यातील सीमकार्डाचे दरमहा भरावयाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवावयाचे, हे ठरलेले नसते. पैसे भरले जात नाहीत, कार्ड बंद पडते, आकडे येणे थांबते. आणि आकडे येत नाहीत हा स्वतःच एक इशारा आहे, हे लक्षात घेणारे कोणी नसते. शून्य उष्णता आणि नोंदच नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर त्या निराळ्या दिसल्या पाहिजेत.

हे प्रश्न सोडविता येतात, हे काही देशांनी दाखवून दिले आहे. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस इस्पितळे, वसतिगृहे अशा ठिकाणच्या मोठ्या सौर पाणी तापकांसाठी फलिताची हमी देणारे करार सुरू झाले. संयंत्र बसविणाऱ्याने वर्षाकाठी किती उष्णता मिळेल हे लिहून द्यावयाचे, ती दूरनोंदणीने मोजावयाची आणि ती कमी भरली तर त्याने भरपाई करावयाची. जर्मनीने १९९३ मध्ये सार्वजनिक इमारतींवरील मोठ्या सौर संयंत्रांना साहाय्य देण्याचा कार्यक्रम आखला, तेव्हा दीर्घकाल मोजणी हा त्याचाच भाग केला. डेन्मार्कमध्ये एरो या लहानशा बेटावर मार्स्टल नावाचे गाव आहे. तेथील घरे गरम ठेवणारी व्यवस्था ग्राहकांच्याच सहकारी संस्थेची आहे. १९९६ मध्ये तिने सुमारे आठ हजार चौरस मीटर संग्राहक बसविले आणि २०१२ पर्यंत ते तेहतीस हजारांवर नेले. तेथे वर्षभरात पडणारे ऊन महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. तरीही डेन्मार्कमधील अशा अनेक संयंत्रांचे रोजचे उत्पादन कोणाही नागरिकास संगणकावर पाहता येईल, अशी व्यवस्था तेथे आहे. सहकाराची परंपरा असलेल्या या राज्यातील पंचायत सदस्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

भारतात मात्र मोजमाप फार काळ क्षेत्रफळाचेच होत राहिले. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर संग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या काळातील अनुदानही चौरस मीटरच्या हिशेबाने दिले गेले. आरंभीच्या काळी तसे करणे सोयीचे होते, हे मान्य केले पाहिजे. छपरावर चढून फूटपट्टीने मोजता येईल अशी ती वस्तू होती. परंतु चौरस मीटर पाणी तापवीत नाहीत. सौर वीजसंयंत्राचे प्रत्येक युनिट मीटरवर पडते म्हणून त्याचा मालक रोज मीटर पाहतो. सौर उष्णतेला मीटरच नाही, म्हणून तिच्याकडे पाहणाराही नाही.

घरोघरच्या शंभर लिटरच्या तापकांना ही सर्व यंत्रणा जोडावी, असे कोणी सुचविणार नाही. ती तापकाच्या किंमतीस भारी पडेल. तेथे महिन्यातून एक दिवस विजेची कळ बंद ठेवून सकाळच्या पाण्यात हात घालून पाहणे पुरते. पण वसतिगृहे, आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालये, देवस्थानांची पाकगृहे आणि दुग्धशाळा येथील हजार लिटरांवरील संयंत्रांच्या निविदेत तीन कलमे सहज घालता येतील. उष्णतामापक व नोंदयंत्र संयंत्राबरोबरच बसवावे. देखभालीच्या कराराची रक्कम मोजलेल्या उष्णतेच्या प्रमाणात द्यावी. आणि पूरक विजेच्या कांडीला स्वतंत्र मीटर असावा; हे शेवटचे कलम सर्वांत स्वस्त असून एकटेच पुष्कळ सांगून जाईल.

इशारा कोणाकडे जावा, हेही लेखी ठरले पाहिजे. तो जिल्ह्याच्या कार्यालयातील पडद्यावर उमटून राहिला, तर जडसंग्रह नोंदवहीतील नोंदीहून त्याची किंमत अधिक नाही. गृहपालाच्या मोबाइलवर आणि देखभाल करणाऱ्याच्या मोबाइलवर तो एकाच वेळी जावा, आणि किती दिवसांत कोणी गच्चीवर जाऊन यावयाचे ते करारात असावे. आश्रमशाळेत विज्ञानाचे शिक्षक असतात आणि आठवी-नववीचे विद्यार्थीही असतात. कालचे ऊन आणि कालची उष्णता यांचा ठिपका फळ्याशेजारच्या आलेखावर मांडण्यास त्यांना दोन मिनिटे लागतील. प्रारणमापकाची काच ओल्या मऊ फडक्याने पुसण्याचे कामही त्यांच्यापैकी एकाकडे, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दर शनिवारी सकाळी शाळा भरण्यापूर्वी सोपविता येईल. ऊन चढल्यावर पुसली, तर त्या दिवसाच्या नोंदीत हाताची सावली पडते.